प्राचीन जीवनाचा नमुना-संच: चार महिने वापरल्यानंतर

खोक्यात काय मिळतं ते आधी सांगते. लाल दगडाची तळहाताएवढी चकती, एका बाजूने घासून चकचकीत केलेली. हिरव्या-काळ्या गोल ठिपक्यांचा दुसरा दगड. पारदर्शक डबीत नखाएवढा उल्केचा तुकडा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा अतिनील टॉर्च आणि २४ पानांची पुस्तिका. विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही. असे संच बरेच जण विकतात आणि मला जे म्हणायचंय ते त्या सगळ्यांच्या संचांना लागू पडेल.

मी एका रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात एकोणीस वर्षं काम करते. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, पॅक करायची, ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राला) लावायची आणि लोड खरोखर निर्जंतुक झालाय याची खात्री पटल्यावरच सोडायचा, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे 'स्वच्छ दिसतंय' या वाक्याला काही अर्थ नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावरच्या ठिपक्यांच्या खडकाची बातमी आली तेव्हा माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने प्रश्न विचारून विचारून मला भंडावून सोडलं. तिच्यासाठी म्हणून हा संच मागवला. खरं तर तिच्यापेक्षा मीच तो जास्त हाताळला.

लाल चकतीपासून सुरुवात करते, कारण संचातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. सोबतच्या कार्डावर 'मेरी एलन जॅस्पर' असं लिहिलंय. हा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला, बिवाबिक लोहखडकांतला दगड, वय सुमारे १९० कोटी वर्षं. नुसत्या डोळ्यांना तो लाल-पांढऱ्या नक्षीचा शोभेचा दगड वाटतो. भिंग लावून खिडकीपाशी धरला की त्यात बोटांसारखे उभे स्तंभ दिसू लागतात. प्रत्येक स्तंभात एकावर एक बारीक कमानी रचलेल्या, पुस्तकाच्या पानांसारख्या, आणि सगळ्यांचा फुगवटा एकाच दिशेला. मधल्या फटींत लोहाच्या खनिजाची राखाडी चकाकी. हा स्ट्रोमॅटोलाइट. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांचा चिकट थर पसरतो, त्यावर गाळ बसतो, जीव पुन्हा वर सरकून नवा थर धरतात, त्यावर पुन्हा गाळ. असं हजारो वेळा झालं की कमान चढत जाते. जीव केव्हाच नाहीसे झाले, त्यांनी रचलेली घडण उरली.

भाचीला मी दाखवलं की कमानींचा फुगवटा ज्या बाजूला, ती बाजू त्या काळी वर होती. तिने चकती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "मावशी, म्हणजे वर कुठे होतं हे दगडाच्या अजून लक्षात आहे?" मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

पुस्तिकेतलं स्ट्रोमॅटोलाइटचं प्रकरणही नीट लिहिलंय. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातले ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे नमुने आणि आजही शार्क बे इथे वाढणारे जिवंत स्ट्रोमॅटोलाइट, दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी छापली आहेत. ग्रीनलंडमधल्या इसुआ पट्ट्यातल्या ३७० कोटी वर्षांच्या खडकांत २०१६ मध्ये असेच शंकू सापडल्याचा दावा झाला होता, तोही दिलाय. पण २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने तेच खडक तिन्ही बाजूंनी कापून तपासले आणि ते शंकू खडक दाबला-ताणला गेल्यामुळे तयार झाले असावेत असं मांडलं, हे मात्र गाळलंय. एका बाजूने शंकू दिसतो, पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर लांबट कडा निघते. हे एक वाक्य घातलं असतं तर पुस्तिका कितीतरी वरच्या दर्जाची झाली असती. मुलांना कोणता दगड जिवंत जगाचा आहे एवढंच सांगू नये, आपल्याला ते कसं कळलं आणि कुठे चुकू शकतं हेही सांगावं.

याच कारणासाठी हिरव्या-काळ्या दगडावर माझा राग आहे. मादागास्करहून येणारा हा दगड जगभर 'स्ट्रोमॅटोलाइट' म्हणून विकला जातो. गोल गोल ठिपके, त्यांना वलयं, अगदी एखाद्या वसाहतीसारखे. पुस्तिकेत छापलंय: तीन अब्ज वर्षांपूर्वीच्या जीवाणूंच्या वसाहती. तसं नाही. या दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर तो ज्वालामुखीजन्य खडक निघाला. वितळलेला रस थिजताना एका केंद्राभोवती स्फटिक वाढत गेले, त्यातून ही वर्तुळं झाली. भिंगातून नीट पाहिलं तर काही ठिपक्यांच्या कडेला बारीक सुया बाहेर पडल्यासारख्या दिसतातही. दगड सुंदर आहे. तो 'जिवंत वाटणारा पण निर्जीव' असं लिहून दिला असता तर संचातला सगळ्यात चांगला धडा ठरला असता. खोटं लेबल लावून दिला, म्हणून वाया गेला.

मंगळाची बातमीसुद्धा ठिपक्यांचीच होती, म्हणून हे आणखी खटकतं. पर्सिव्हिअरन्स रोव्हर फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरला. जुलै २०२४ मध्ये नेरेट्वा व्हॅलिस या कोरड्या नदीपात्रात त्याला 'चेयावा फॉल्स' नावाचा सुमारे मीटरभर लांबीचा खडक दिसला. लालसर चिखलाच्या खडकावर मिलिमीटरभराचे फिकट ठिपके, भोवती गडद कडा. शास्त्रज्ञांनीच त्यांना बिबट्याचे ठिपके म्हटलं. त्यांच्यात व्हिव्हियानाइट हे लोहाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड असल्याचं उपकरणांना आढळलं, आणि खडकात सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर गाळात राहणारे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ वापरून लोह आणि गंधक यांच्यावर जगतात तेव्हा अशीच खनिजं मागे राहतात. जीवांशिवायही ती होऊ शकतात, पण त्यासाठी सहसा जास्त उष्णता किंवा आम्लता लागते आणि हा खडक तसा तापल्याची खूण दिसली नाही. १० सप्टेंबर २०२५ रोजी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात निबंध आला, त्यात शब्द आहे 'संभाव्य जैवखूण', म्हणजे जीवनाची असू शकेल अशी खूण. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर याचंच शीर्षक झालंय: 'मंगळावर जीवन सापडलं!' मी भाचीकडून त्या पानावर पेन्सिलीने 'संभाव्य' लिहून घेतलं आणि उद्गारचिन्हावर काट मारून घेतली.

आता टॉर्चबद्दल. पुस्तिका सांगते, अंधारात दगडावर अतिनील प्रकाश टाका आणि चमक पाहा. आम्ही टाकला. लाल चकती काळी राहिली, पण तिच्या भेगांमधून निळसर रेघा उजळल्या. भाची ओरडलीच, "मावशी, यात अजून काहीतरी आहे!" माझ्या लक्षात आलं की ती राळ आहे. भेगाळलेला दगड कापताना फुटू नये म्हणून त्यात राळ भरतात. चकतीच्या पाठीवर, न घासलेल्या बाजूला, ती नव्हती, म्हणून तिथे चमकही नव्हती. मग मी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती पुसली आणि पुन्हा टॉर्च लावला. आता लखलखीत निळे धागे! ते पुसायच्या कपड्याचे तंतू. पांढऱ्या कापडात आणि टिशूत उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं, ते अतिनील प्रकाशात पेटल्यासारखं दिसतं. म्हणजे दगड साफ करायला गेले आणि त्यावर आणखी काहीतरी ठेवून आले.

या पाच मिनिटांत जे कळलं ते संपूर्ण पुस्तिकेत नाही. प्राचीन जीवनाच्या शोधातला सगळ्यात मोठा शत्रू आजचं जीवन आहे. १९९९ मध्ये पिलबारातल्या २७० कोटी वर्षांच्या शेल खडकांत काही तेलकट रेणू सापडले होते. पेशीत केंद्रक असलेले जीव तेव्हाच होते, असा त्यांचा अर्थ लावला गेला. पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलेली गोष्ट ती. पुढे नव्याने, अतिशय काळजीपूर्वक, हायड्रोकार्बनचा, म्हणजे अशाच तेलकट पदार्थांचा, स्पर्श टाळत भोकं पाडून खडक काढले, ते वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तपासले, आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आला: खडकात ते रेणू नाहीतच. आधीचे बाहेरून आले होते. खडक तोच, वय तेच, फक्त हात जास्त स्वच्छ होते.

आमच्याकडे एकदा ऑपरेशन थिएटरच्या स्वॅबच्या, म्हणजे जागा पुसून घेतलेल्या कापसाच्या काड्यांच्या, प्लेट्सवर जंतूंची वाढ आली. सगळे हादरले. पण त्याच बॅचमधल्या, कुठेही न टेकवलेल्या कोऱ्या स्वॅबची प्लेटही उगवली होती. जंतू थिएटरमध्ये होते की स्वॅब उघडताना आमच्याच हातून आले, हे सांगायला मार्ग उरला नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागलं, दोन दिवस थिएटर बंद राहिलं. तेव्हापासून कोऱ्या स्वॅबची प्लेट मी सगळ्यात आधी बघते.

म्हणून पर्सिव्हिअरन्सच्या नळ्यांबद्दल वाचलं तेव्हा मला त्या माणसांबद्दल आपुलकी वाटली. रोव्हरकडे ४३ टायटॅनियमच्या नळ्या आहेत, त्यातल्या ५ साक्षीदार नळ्या. त्यांत मंगळाचा खडक भरायचाच नसतो. रोव्हरबरोबर पृथ्वीवरून कोणकोणता कचरा गेलाय हे पकडण्यासाठी त्या आहेत. चेयावा फॉल्समधून काढलेला 'सफायर कॅन्यन' हा नमुना कधी पृथ्वीवर आला आणि त्यात काही सेंद्रिय सापडलं, तर पहिला प्रश्न हाच असेल: साक्षीदार नळीत पण हे आहे का? पुस्तिकेत या नळ्यांचा उल्लेख नाही. नमुना-संच विकणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट सोडावी याचं मला वाईट वाटलं.

उल्केच्या तुकड्याबद्दल कमी बोलते. तो खरा वाटतो. चुंबक लावला तर ओढला जातो, एका कडेला काळपट वितळलेली साल आहे. पण कुठे सापडला, कोणत्या गटातला, काही लिहिलेलं नाही. एका बाजूला गंज चढलाय, म्हणजे पृथ्वीचं पाणी आत पोहोचलंय. पुस्तिका म्हणते, 'डबी उघडा, अंतराळाला स्पर्श करा.' मी उघडू दिली नाही.

कारण सांगते. जपानच्या हायाबुसा-२ यानाने रयुगू लघुग्रहावरून आणलेले कण डिसेंबर २०२० मध्ये उतरले. त्यातला एक कण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये तपासताना त्यावर सूक्ष्मजीवांच्या काड्या आणि तंतू दिसले. लघुग्रहावर जीव? नाही. तयारी करण्याआधी त्याच कणाचं क्ष-किरणांनी चित्रण झालं होतं, त्यात असं काही नव्हतं. पुढे तंतूंची संख्या वाढत गेली, मग घटली, आणि पिढी साधारण ५.२ दिवसांची निघाली, पृथ्वीवरच्या जीवाणूंसारखीच. आल्यापासून नायट्रोजनमध्ये जपलेला कण हवेत उघडा झाला आणि इथल्या जीवाणूंनी त्यावर घर केलं. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझ्या दृष्टीने त्या आधीच्या चित्रणाने सगळ्यांना वाचवलं.

बेन्नू लघुग्रहाचे १२१.६ ग्रॅम २०२३ मध्ये आले, तेही नायट्रोजन भरलेल्या हातमोजा-पेट्यांत ठेवलेत. जीवसृष्टी प्रथिनांसाठी वापरते त्या २० अमिनो आम्लांपैकी १४ त्यात मिळाली, डीएनए-आरएनएचे पाचही नायट्रोजनी घटक मिळाले, पुढे रायबोज आणि ग्लुकोज या शर्कराही. ही बाहेरून लागलेली घाण नाही हे कशावरून? एक कारण मला फार आवडलं. अमिनो आम्लं आपल्या दोन हातांसारखी डाव्या-उजव्या रूपांत असतात आणि पृथ्वीवरचं जीवन जवळजवळ सगळं डावखुरं वापरतं. बेन्नूत दोन्ही हात जवळपास सारखेच निघाले. आमच्या बोटांवरून गेली असती तर डावी भरमसाट दिसली असती. पुस्तिकेत बेन्नूला 'जीवनाची बियाणं' म्हटलंय. बियाणं पेरलं तर उगवतं. हे तर सुटे घटक, त्यातून जीवन आपोआप उगवेल असा अर्थ लावता येत नाही.

अंतराळात आपली घाण नेण्याच्या धोक्याला पुस्तिकेने अर्धं पान दिलंय, त्यातही मोठी चूक. अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये चंद्रावर आधीच उतरलेल्या सर्व्हेयर-३ या मानवरहित यानाचा कॅमेरा परत आणला, आत स्ट्रेप्टोकॉकस मायटिस सापडला आणि हा जीवाणू चंद्रावर अडीच वर्षं तगला, असं ठामपणे छापलंय. पुढे त्या तपासणीच्या नोंदी आणि छायाचित्रं पुन्हा पाहिली गेली. तपासणाऱ्यांच्या अंगावर अर्ध्या बाह्यांचे कपडे होते. तो जीवाणू माणसाच्या तोंडात-घशात राहतो. तो इथेच लागला असण्याची शक्यता कितीतरी जास्त ठरते. उघड्या कोपरांचा ग्लोव्हबाहेरचा भाग कुठे कुठे टेकतो हे आमच्या विभागातली कुठलीही नवी मुलगी पहिल्या आठवड्यात शिकते.

इथे खरं तर किती सांगण्यासारखं होतं! १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं नववं कलम देशांना इतर ग्रहगोलांचं हानिकारक दूषण टाळायला सांगतं. १९७५ मध्ये निघालेले व्हायकिंग लँडर १११ अंश सेल्सिअसच्या आसपास तीसएक तास कोरड्या उष्णतेत भाजून काढले होते. आमचा ऑटोक्लेव्ह वाफेवर चालतो, १२१ अंशांवर काम लवकर होतं, पण वाफ सोसणार नाही अशा वस्तूंना कोरडी उष्णता आणि वेळ लागतोच, हे वाचताना ते यान मला आमच्याच ट्रॉलीवरचं वाटलं. आज मंगळावर उतरणाऱ्या साध्या यानावर एकूण ३ लाखांपेक्षा जास्त बीजाणू (काही जीवाणूंचं कडक कवचातलं, झोपलेलं रूप) चालत नाहीत. मोजायची पद्धत अशी: पृष्ठभाग पुसायचा, तो अर्क ८० अंशांवर १५ मिनिटं तापवायचा, मग प्लेटवर लावून वाट पाहायची. तापवल्याने साध्या पेशी मरतात, कडक कवचाचे बीजाणू उरतात, तेच मोजले जातात.

आणि मोजणीतून काय निसटतं ते पाहा. टर्सिकॉकस फीनिसिस नावाचा जीवाणू जगात दोनच ठिकाणी सापडला होता, फ्लोरिडातल्या आणि फ्रेंच गयानातल्या अंतराळयानांच्या स्वच्छ खोल्यांत. दोन खोल्यांमध्ये जवळपास ४,००० किलोमीटर अंतर. २०१३ मध्ये त्याला नाव मिळालं. तो बीजाणू करत नाही, म्हणजे वरच्या पद्धतीत त्याची गणतीच होत नाही. अलीकडच्या प्रयोगांत दिसलं की उपासमार आणि कोरडेपणा आला की तो निपचित पडतो, प्लेटवर लावला तरी वाढत नाही, मेलाय असंच वाटतं, आणि योग्य प्रथिन मिळालं की जागा होतो. २०२५ मध्येच मंगळावर गेलेल्या फिनिक्स लँडरच्या तयारीच्या स्वच्छ खोल्यांतून साठवलेल्या जीवाणूंचा अभ्यास आला, त्यात २६ जाती विज्ञानाला नव्या निघाल्या. आम्ही साफ करतो, म्हणून तिथे तेच उरतात जे साफसफाईला पुरून उरतात. हे वाचलं त्या रात्री ड्युटीवर मी आमची बीजाणू-पट्टी (लोडबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलेली जिवंत बीजाणूंची पट्टी, ते मेले का हे पाहण्यासाठी) ५६ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवताना थोडा वेळ तशीच उभी राहिले. रंग बदलला नाही, म्हणजे काही वाढलं नाही, तर लोड सोडायचा, हा नियम माझा विश्वासाचा. पण 'वाढला नाही' आणि 'मेला' यांच्यात फट असते, हे मला असं कुणी इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं.

विक्रेत्याला मी सविस्तर मेल लिहिला: हिरव्या दगडाचं लेबल, सर्व्हेयरचा मजकूर, मंगळाचं शीर्षक, उल्केची माहिती. चौथ्या दिवशी सभ्य उत्तर आलं. हिरव्या दगडाचं कार्ड बदलू म्हणाले, राळ भरल्याचं पुढच्या खेपेपासून लिहू म्हणाले. उल्का त्यांनी घाऊक घेतली होती, तिची कागदपत्रं नाहीत हे सरळ कबूल केलं. दगड परत घेण्याचीही तयारी दाखवली. मी परत केला नाही, भाची त्याला 'फसवा' म्हणते आणि वर्गात दाखवायला नेते.

पाचपैकी तीन देते. लाल चकती आणि भिंग एकटेच चार गुणांचे आहेत. पुस्तिकेने एक गुण घालवला. दहा वर्षांवरच्या मुलांसाठी घ्यायला हरकत नाही, पण मोठं माणूस शेजारी बसणार असेल तरच. टॉर्चचा प्रकाश डोळ्यांत पडू देऊ नका, पुस्तिकेत ती सूचना फार बारीक अक्षरात आहे. उल्केची डबी बंदच ठेवा.

संचात एक वस्तू मी माझ्याकडून घातली. पहिल्या दिवशीच स्वच्छ धुतलेली एक काचपट्टी, खोक्यातच, दगडांच्या शेजारच्या कप्प्यात. तिच्यावर काही ठेवायचं नाही, तिला हात लावायचा नाही, महिन्यातून एकदा चिमट्याने उचलून टॉर्चखाली धरायची. पहिल्या महिन्यात तिच्यावर दोन निळे तंतू होते. चौथ्या महिन्यात अकरा, आणि एका कोपऱ्यात अर्धवट बोटाचा ठसा. भाचीने तारीख घालून वहीत नोंद केली आणि ठशापुढे स्वतःचं नाव लिहिलं.